कुबट वासाचा माग

काही टॉवेल कोरडे असताना अगदी निर्दोष असतात. घडी घालताना नाकाशी धरावेत तर धुतल्याचा स्वच्छ वास येतो. कपाटातही ते कुणाला त्रास देत नाहीत. अंघोळ झाल्यावर अंग पुसायला घ्यावं, आणि पाणी लागताक्षणी त्यातून आंबूस, कुबट वास वर यावा. टॉवेल आदल्याच दिवशी धुतलेला असतो, उन्हात कडकडीत वाळलेला असतो. मग आळ घ्यायला कुणीतरी हवं म्हणून आपण साबणाला बोलतो, पाण्याला बोलतो, दमट हवेला बोलतो. त्यांचाही थोडाथोडा वाटा असतोच. पण माग चिकाटीने काढत गेलं, की तो बहुतेक वेळा वॉशिंग मशीनच्या दाराशी येऊन थांबतो.

दार उघडून डोकावावं तर आत काहीच दिसत नाही. स्टीलचा ड्रम लखलखत असतो. आणि घरातल्या माणसाच्या नाकावर फार विसंबता येत नाही. एकच वास सतत येत राहिला की नाक थोड्या वेळाने त्याची दखल घेणंच सोडून देतं. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही तो यामुळेच. म्हणून कुणाला शंका असेल तर मी सांगते, बराच वेळ बाहेर राहून परत आल्या आल्या मशीनचं बंद दार उघडा आणि पहिला श्वास तिथेच घ्या. किंवा दाराभोवतीच्या जाड रबराची घडी मागे ओढा, आतून बोट फिरवा आणि ते हुंगा. या दुसऱ्या परीक्षेनंतर सहसा शंका उरत नाही.

हा विषय किरकोळ मानला जातो, ते मला पटत नाही. अंगाला सर्वांत जवळून आणि सर्वांत जास्त वेळ लागून असतं ते कापड या यंत्रातून येतं. तान्ह्या बाळाची दुपटी, आजारी माणसाची चादर, दिवसभर राबून आलेल्या माणसाचा सदरा. घरातल्यांची काळजी घेण्याचे जे रोजचे, न बोलता होणारे प्रकार आहेत, त्यात धुणं फार वरच्या जागी आहे असं मी मानते. त्या कामातूनच कुबट वास परत येत असेल, तर त्याच्यावर सुगंध शिंपडून पुढे जाणं मला पटत नाही. वास का येतो, हे कळून घ्यावंसं वाटतं.

ते मला कळलं एका बिघाडामुळे. आमच्या मशीनचं बेअरिंग गेलं आणि ते बदलायला आलेल्या मेकॅनिकने अख्खा ड्रम बाहेर काढला. मी शेजारी उभी राहून बघत होते. फ्रंट लोड मशीनमध्ये ड्रम हा एका मोठ्या बंद टाकीच्या आत फिरतो. कपडे ड्रममध्ये असतात. पाणी मात्र टाकीत भरतं आणि ड्रमच्या बारीक भोकांतून आत-बाहेर करतं. आपल्याला दिसते ती फक्त ड्रमची आतली बाजू. त्याची बाहेरची बाजू, टाकीची भिंत, ड्रमला मागून धरून ठेवणारा तीन हातांचा अॅल्युमिनियमचा आधार, हे सगळं कायम अंधारात. त्या दिवशी ते उजेडात आलं, तेव्हा त्या आधाराच्या खाचांमध्ये करडा-तपकिरी, बुळबुळीत गाळ गच्च बसलेला होता. त्यात कापडाचे तंतू होते, केस होते, साबणाचा साका होता. मेकॅनिक म्हणाला, "ताई, तुम्ही पुसता ती बाजू वेगळी. कपडे ज्या पाण्यात भिजतात ते या बाजूनेही फिरून येतं."

त्या वाक्यात सगळं दुखणं आलं.

तो बुळबुळीत थर म्हणजे नुसती घाण नव्हे. तो जिवंत असतो. जिवाणू आणि बुरशी ओल्या पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात आणि त्याच्या आश्रयाने वाढत राहतात. रात्रीतून दातांवर जो थर बसतो तोही याच जातीचा, आणि म्हणूनच नुसत्या चुळा भरून तो जात नाही, घासावा लागतो. मशीनमधल्या थराचंही तसंच आहे. त्याला लागतात तीन गोष्टी: ओल, ऊब आणि अन्न. ओल तर तिथे कायमचीच. धुणं संपल्यावरही पंपाजवळ थोडं पाणी उरतं, यंत्राची रचनाच तशी आहे. ऊब दर धुण्याला मिळते. आणि अन्न आपण हाताने घालतो: अंगाचं तेल, त्वचेचे कण, घाम, जास्तीचा साबण, सॉफ्टनरचा मेणचट अंश.

ओल्या टॉवेलचं कोडंही यातच सुटतं. जपानमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धुतलेल्या कपड्यांच्या त्या विशिष्ट वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस हा जिवाणू प्रामुख्याने आढळला. कपड्यात उरलेल्या मळातून तो ४-मेथिल-३-हेक्झेनोइक आम्ल नावाचं द्रव्य तयार करतो, आणि ओलसर कपड्याचा तो ओळखीचा वास मुख्यतः या द्रव्याचा. त्या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की हा जिवाणू कोरडेपणाला आणि अतिनील किरणांनाही बऱ्यापैकी दाद देत नाही. म्हणजे उन्हात वाळवल्यावर तो संपतो असं नाही. कोरड्या टॉवेलमध्ये तो गप्प असतो; पाणी मिळालं की पुन्हा कामाला लागतो. ऊन वाया जातं असं मला म्हणायचं नाही. कापड लवकर वाळतं तेव्हा त्याला काम करायला वेळच मिळत नाही, आणि तो फायदा फार मोठा आहे. पण मुळातच मळ शिल्लक राहिलेला असेल, तर एकट्या उन्हाकडून सगळी अपेक्षा करता येत नाही.

मशीनमधले हे थर पूर्वीही असतील, पण आजच्याइतके बोकाळले नसावेत, असं मानायला जागा आहे. हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ मध्ये धुण्याची एक साधी मांडणी केली. स्वच्छता चार गोष्टींतून येते, वेळ, तापमान, रसायन आणि घासाघीस. या चौघांचं मिळून एक वर्तुळ. एकाचा वाटा कमी केला तर बाकीच्यांनी तो भरून काढायचा. गेल्या काही दशकांत आपण तापमानाचा वाटा कमी करत आणला. गरम पाण्याने धुताना बहुतांश वीज पाणी तापवण्यातच जाते, म्हणून ६० किंवा ९० अंशांवरून आपण ४० वर, ३० वर आणि शेवटी साध्या नळाच्या पाण्यावर आलो. डागांचं काम साबणातल्या विकरांनी, म्हणजे एन्झाइम्सनी, उचललं. ते थंड पाण्यातही प्रथिनं आणि चरबी फोडतात. कपडे स्वच्छ दिसू लागले, रंग टिकू लागले, वीज वाचली. हे सगळं चांगलंच झालं, आणि ते उलटं फिरवावं असं मी अजिबात म्हणणार नाही. फक्त एक गोष्ट या हिशेबातून सुटली. ते कढत पाणी कपड्यांबरोबर मशीनलाही आतून धूत होतं. ते येणं बंद झालं आणि त्याची जागा दुसऱ्या कशानेच घेतली नाही. भरीला नवी मशीनं पाणीही कमी वापरतात. कमी पाण्यात जास्त साबण म्हणजे न विसळला गेलेला साबण.

अशा मशीनला वास येऊ लागला, की घरोघरी पहिला उपाय होतो तो सुगंधाचा. जास्त वासाची पावडर, वर सॉफ्टनरचं एक झाकण जास्त, आणि वासाला उठाव देणारे मणी. मला या उपायाचा मनापासून राग आहे, कारण तो नुसता निरुपयोगी नाही, तो दुखणं वाढवतो. सॉफ्टनर कापडाच्या धाग्यावर पातळ लेप चढवून काम करतो. तोच लेप कप्प्यात, नळीत आणि टाकीच्या भिंतीवरही बसतो. शिवाय सॉफ्टनरमधले रेणू धन भाराचे आणि बहुतेक साबणांमधले मुख्य रेणू ऋण भाराचे, त्यामुळे ते एकत्र आले की त्यांचा चिकट साका होतो. टॉवेलला तर सॉफ्टनर लावूच नये. त्याची पाणी टिपायची ताकद जाते आणि टॉवेलला तेवढंच काम असतं.

साबण कमी करा असं सांगितलं की लोक एकदम टोकाला जातात, तेही बरोबर नाही. साबण फार कमी पडला तर सुटलेला मळ पाण्यात तरंगत राहत नाही, परत कापडावर आणि टाकीवर बसतो. पाकिटावर लिहिलेलं प्रमाण, कपड्यांचं वजन आणि पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातले क्षार, बघून घ्यावं. शेवटच्या विसळण्याच्या वेळी काचेतून फेस दिसत असेल तर साबण जास्त झालाय, ही माझी खूण. आणखी एक गोष्ट मी आवर्जून सांगते: द्रवरूप साबणात सहसा ऑक्सिजन ब्लीच नसतं. पांढऱ्या कपड्यांसाठीच्या चांगल्या पावडरींत ते बहुधा असतं, सोडियम परकार्बोनेटच्या रूपात. पाण्यात पडल्यावर त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि जंतूंवर त्याचा खरा परिणाम होतो. वर्षानुवर्षं फक्त द्रव साबण आणि फक्त थंड पाणी वापरणाऱ्या घरात वास लवकर येतो, यामागे हे मोठं कारण आहे.

आता प्रत्यक्ष सफाई. मी सुरुवात कप्प्यापासून करते, कारण सर्वांत दुर्लक्षित तोच. बहुतेक मशीनचा साबणाचा कप्पा एक खटका दाबला की पूर्ण बाहेर येतो. हे अनेकांना ठाऊकच नसतं. सॉफ्टनरच्या खणावरचं छोटं टोपण काढावं, त्याच्या नळीत काळपट साय साचलेली असते. कप्पा गरम पाण्यात भिजत ठेवून जुन्या टूथब्रशने घासावा. मग रिकाम्या झालेल्या त्या खोबणीत टॉर्च मारून वर बघावं. पाणी जिथून पडतं त्या छताला काळे ठिपके असतात आणि दर धुण्याचं पाणी त्यांच्यावरून वाहत कपड्यांत जातं. ती जागा एकदा पाहिली की पुढे कुणी आठवण करून द्यावी लागत नाही.

दाराच्या रबराची घडी पूर्ण वेढा घेऊन पुसायची, खालच्या बाजूला जास्त जोर देऊन. पाणी, केस आणि हरवलेले मोजे तिथेच सापडतात. त्यानंतर खाली, पुढच्या बाजूला असलेला पंपाचा फिल्टर. तो उघडण्याआधी मशीन बंद आणि आतलं पाणी निवलेलं हवं, गरम धुण्यानंतर लगेच उघडला तर हात भाजेल. शेजारची छोटी नळी असेल तर तिच्यातून आधी पाणी सोडावं, नसेल तर उथळ ताट आणि फडकी तयार ठेवावीत. नाणी, पिना, बटणं, धाग्यांचा लगदा. आणि त्या लगद्याचा वास इतका दाट असतो की अख्ख्या मशीनचा वास इथूनच येतोय असं वाटावं. कधीकधी ते खरंही असतं.

मग तो मेकॅनिकने दाखवलेला अंधारा भाग. तिथे हात जात नाही, म्हणून कढत पाणी पाठवायचं. ड्रम रिकामा ठेवून, ६० अंशांच्या वरचं सर्वांत लांब चक्र लावायचं, किंवा मशीनला ड्रम साफ करण्याचं वेगळं बटण असेल तर ते. सोबत परकार्बोनेट असलेली पावडर थेट ड्रममध्ये. थर जुना असेल तर पहिल्या खेपेनंतर वास कमी होण्याऐवजी वाढलेला वाटतो, काचेवर तपकिरी तुकडे चिकटलेले दिसतात. घाबरायचं नाही, जे सुटायला हवं होतं ते सुटतंय. फिल्टर पुन्हा साफ करून परत चक्र लावायचं. पाणी जड असेल तर क्षारांचा खरखरीत थरही असतो आणि त्याच्या खाचांत जंतूंना आसरा मिळतो. त्यासाठी सायट्रिक आम्लाचं चक्र वेगळं लावावं, ब्लीचच्या दिवशी नाही.

क्लोरीनचं ब्लीच आणि कुठलंही आम्ल, मग ते व्हिनेगर असो की क्षार काढायची पावडर, एकत्र आलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या कुठल्याही द्रवाबरोबरही ते घालू नये. बंद ड्रममध्ये एका उपायाचा अंश शिल्लक असताना दुसरा उपाय ओतणं सहज घडतं, म्हणून मधे एक साधं विसळण्याचं चक्र लावलंच पाहिजे. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र ओतण्याचा जो उपाय सगळीकडे फिरतो, तो धोकादायक नाही, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात. फेस उठतो, काम होत नाही. आणि व्हिनेगर वारंवार वापरलं तर काही रबरांना ते मानवत नाही.

टॉप लोड मशीनला रबराची ती घडी नसते, म्हणून तिथे वास कमी. पण आतल्या टबच्या बाहेरची अंधारी बाजू तिथेही आहे आणि तळाच्या फिरत्या चकतीखाली गाळ साचतोच. धागे पकडणारी जाळीची पिशवी दर वेळी रिकामी करून वाळवली पाहिजे. पाणी तापवायची सोय नसेल तर बाहेरून गरम पाणी ओतून, परकार्बोनेट घालून, थोडा वेळ फिरवून मशीन तसंच भिजत ठेवायचं.

एवढं करूनही सडक्या अंड्यासारखा वास उरला, तर संशय मशीनवरून काढून सांडपाण्याच्या नळीवर न्यावा. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो बऱ्याचदा गटाराकडून येतो. मशीनची नळी सांडपाण्याच्या पाइपात फार खोल खुपसलेली असेल किंवा जमिनीलगत लोळत असेल, तर घाण पाणी आणि वास उलटा येऊ शकतो. नळीला वर उचलून वळण दिलेलं असावं, पाइपाच्या तोंडाशी हवा खेळायला जागा असावी आणि पाइपाखालच्या वळणात पाणी भरलेलं असावं. ते पाणीच गटाराचा वायू अडवून धरतं. मशीन बरेच दिवस वापरलं नाही की ते सुकतं. जळक्या रबराचा किंवा वायरचा वास मात्र पूर्ण वेगळी गोष्ट. तिथे सफाईचा विचारही न करता वीज बंद करायची आणि माहीतगार माणसाला बोलवायचं.

मशीन स्वच्छ झालं तरी कपड्यांतला जुना वास लगेच जात नाही, आणि इथे बरीच माणसं हताश होतात. टॉवेल आणि चादरी गरम पाण्यात परकार्बोनेट घालून काही तास भिजवाव्या आणि मग ६० अंशांवर धुवाव्या. लोकर आणि रेशीम यांना हे चालत नाही. व्यायामाचे पॉलिएस्टरचे कपडे सर्वांत हट्टी. बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २६ जणांना व्यायामाच्या सायकलवर घाम गाळायला लावून त्यांचे टी-शर्ट तपासले, तेव्हा सुतीपेक्षा पॉलिएस्टरचा वास जास्त उग्र निघाला. मायक्रोकॉकस नावाचे जिवाणू पॉलिएस्टरवर जोमाने वाढत होते. पॉलिएस्टर पाण्यापेक्षा अंगाचं तेल जास्त धरून ठेवतं. असे कपडे घामेजलेले गोळा करून टोपलीत कोंबू नयेत, लगेच धुणार नसाल तर आधी पसरून वाळू द्यावेत.

रोजचं काम मात्र थोडंच आहे. धुणं झालं की कपडे लगेच बाहेर, रबर कोरड्या फडक्याने पुसायचं, कप्पा अर्धा ओढून ठेवायचा आणि दार उघडं. घरात लहान मूल किंवा पाळीव प्राणी असेल तर दार सताड उघडं टाकू नये, ते आत शिरण्याचा धोका खरा आहे. अशा घरी ड्रम आतून पुसावा, आपण समोर असेपर्यंत दार उघडं ठेवावं आणि मग लावून घ्यावं. गरम रिकामं चक्र महिन्यातून एकदा पुरतं. त्याला लागणारी वीज बाकीच्या सगळ्या थंड धुण्यांत वाचवलेल्या विजेपुढे फार कमी आहे.

रबरावरचे काळे ठिपके कधीकधी काही केल्या जात नाहीत. बुरशीचा रंग रबरात खोल मुरलेला असतो, आणि तो काढायला लोक दिवसेंदिवस ब्लीचची फडकी गुंडाळून ठेवतात. त्याने रबर कडक होऊन तडकण्याची भीती जास्त. आमच्या मशीनच्या रबरावर असे ठिपके अजून आहेत. बोट फिरवून हुंगलं तर वास नाही, पृष्ठभाग बुळबुळीत नाही. त्यातून पाणी झिरपू लागेपर्यंत ते बदलायचं कारण मला दिसत नाही.